जुनेराची काकू

सोलापुरात त्या काळी कापड विणणारे हजारो होते, विकणारे शेकडो होते, नेसणारे तर सगळेच होते. पण कापड जुनं व्हायची वाट बघत बसणारं माणूस आख्ख्या शहरात एकच होतं, आणि ती आमची काकू होती. पहाटे गिरणीचा भोंगा झाला, की माणसांचे लोंढे नवं कापड काढायला निघत आणि काकू परसात उभी राहून त्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणे, "काढा बाबांनो, काढा. मऊ व्हायला अजून पाच वर्षं!" नवं लुगडं म्हणजे तिच्या लेखी अढीतला कच्चा आंबा. दुकानात मांडलेल्या थप्प्यांकडे ती ढुंकून बघायची नाही, आणि कुणाच्या दोरीवर विरलेलं, धुऊन धुऊन रंग उडालेलं लुगडं दिसलं, की रस्त्यात थबकून उभी राहायची. विरलेल्या लुगड्याला आमच्याकडे जुनेर म्हणतात. काकूला पेठेत सगळे जुनेराची काकू म्हणत, आणि ते तिला ठाऊकही होतं.

काकू सख्खी नव्हे. माझ्या वडिलांच्या मावसभावाची ती बायको. पण त्यांचं घर आमच्या घराला पाठ लावून होतं आणि दोन्ही घरांना परस एकच, त्यामुळे नातं मोजायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. काका कचेरीत कारकून होते. काकू उंच, काटकुळी, आणि चालताना कायम कुणीतरी मागून हाक मारल्यासारखी घाईत. माणसं तिच्या लक्षात चेहऱ्यानं राहत नसत, लुगड्यांनी राहत. "ती नव्हे का गं, पदराला ठिगळ लावलेली इरकल नेसते ती," अशी ती शेजारणींची ओळख सांगे. बोलता बोलता समोरच्या बाईचा पदर दोन बोटांत धरायचा, चोळून बघायचा, आणि मग सरळ स्वतःच्या गालाला लावायचा, ही तिची परीक्षा. हाताचा तिला भरवसा नव्हता. "हात राबून राबून बधिर होतात," ती म्हणायची, "गालाला कळतं." एकदा शेजारच्या नव्या सुनेच्या हळदीकुंकवाला तिनं त्या पोरीचा कोरा करकरीत पदर असाच गालाला लावला आणि भर बायकांत म्हणाली, "झकास आहे की गं. चार वर्षं नेस, पाचव्या वर्षी मला दे." पोरगी रडायलाच लागली. सासूनं तर हा शापच धरला. काकूला मात्र आपलं काय चुकलं ते काही केल्या कळेना. घरी येताना वाटभर मला म्हणत होती, "अगं, नेसून जुनं होवो म्हणजे आशीर्वादच की! लुगडं जुनं व्हायला आधी बाई जगायला नको?"

आता हे वेड कशाचं, ते सांगायला हवं, आणि ते सांगताना आमच्या पिढीच्या बायकांची जीभ अजून अडखळते. त्या काळी घरात एखादी बाई तीन दिवस बाजूला बसली, की मुलांना सांगायचे, तिला कावळा शिवला. कावळा दर महिन्याला कसा चुकत नाही, हे कुणी विचारायचं नाही. त्या दिवसांत बाईला कापड लागतं, तेही जुनं आणि मऊ लागतं, हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत. पण लुगडं विरलं, की त्याच्यावर हक्क सांगणारे किती! आधी बाळंतिणीच्या पोराची दुपटी, मग गोधडी, मग चुलीपाशी भांडी उतरवायची फडकी, आणि यातून काही धड उरलं तर बोहारीण दारात उभीच. जिला ते दिवस काढायचे, तिचा नंबर सगळ्यांच्या शेवटी. तिच्या वाट्याला गादीची फाटकी खोळ, जाड्याभरड्या पडद्याचा तुकडा, नाहीतर गोणपाट. ते धुवायला पाणी चोरून घ्यायचं, कारण उन्हाळ्यात आडाला पाणी नाही. आणि वाळवायला ऊन मिळायचंच नाही, कारण पुरुषांची नजर पडेल. गोठ्यात, न्हाणीमागं, पोत्याखाली कुठंतरी अंधारात ते वाळायचं, म्हणजे वाळायचंच नाही. दमट तेच पुन्हा घ्यायचं. बाई असण्याची ही पट्टी आम्ही सगळ्या दर महिन्याला भरत होतो आणि कुणी चकार शब्द काढत नव्हतं. काकू काढायची.

तिची खरी लढाई बोहारणीशी. जुने कपडे घेऊन भांडी देणारी ही बाई आमच्या पेठेत वर्षानुवर्षं एकच होती. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचं गाठोडं, आणि आवाज असा की भोंग्यानं लाजावं. तिची हाक ऐकली, की काकू पिठाचे हात तसेच घेऊन धावत सुटे. कुणाच्या तरी ओट्यावर सौदा रंगात आलेला असे. काकू मधे घुसून विचारी, "काय देतेस गं हिला त्या लुगड्याचं?"

"वाटी देती की," बोहारीण म्हणे.

"मी ताटली देते," म्हणून काकू घरी पळे आणि स्वतःच्या फळीवरची पितळी ताटली आणून त्या शेजारणीच्या हातात ठेवी. लुगडं काकूच्या खांद्यावर आणि बोहारीण कपाळाला हात लावून उभी, हा देखावा मी लहानपणी कितीदा पाहिला असेल. "अवो बाई," ती एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली, "माज्या पोटावर का उटलाय तुमी? म्या तुमचं काय वाकडं केलंय?"

"तू काही नाही केलंस," काकू तिच्याकडे न बघता म्हणाली. "पुढच्या गल्लीत जा की."

बोहारीण पाटी डोक्यावर घेता घेता आम्हां पोरींना म्हणाली, "जगातल्या बाया भांडी घ्यायला माज्याकडं येत्यात, आन् ही बाई आपली भांडी वाटीत फिरती. येडी हाय का शानी, देवाला ठावं!"

असं करता करता काकूच्या लग्नातली भांडी एकेक करून पेठभर पांगली. तांब्याचं घंगाळ दोन लुगड्यांवर गेलं आणि काका घासलेटच्या डब्यातून अंघोळ करायला लागले. परात गेली, मग भाकरी लाकडाच्या फळकुटावर थापली जायला लागली. आमटीचा डाव गेला आणि करवंटी आली. ताटं गेल्यावर घरात पत्रावळी आल्या. काका हे सगळं जेवणातल्या मिठासारखं गिळत. एखाद्या दिवशी कचेरीतून आल्यावर चुलीकडे बघून विचारत, "आज भात कशात शिजवलास?" काकू म्हणे, "मडक्यात." काका एक घास घेऊन म्हणत, "बरा लागतो की." एकदा ते शेजारी श्राद्धाला जेवायला गेले, तर समोर आलं ते त्यांचंच नाव घातलेलं ताट. मुकाट्यानं जेवून आले आणि काकूला म्हणाले, "आपलं ताट भेटलं आज. बरं आहे. घासूनपुसून लख्ख ठेवलंय त्यांनी." काकूनंही सासरी गेलेल्या मुलीची खुशाली ऐकावी तसं ते ऐकून घेतलं.

एवढं सगळं गेलं, पण एक पातेलं मात्र फळीवर कायम होतं. शेरभर दूध मावेल असं, लहानसं, पितळेचं. ते उपडं ठेवलेलं असे. काकू ते कधी देत नसे आणि कधी वापरतही नसे. दर शनिवारी खाली न घेता वरच्या वर पुसायची, बस.

त्या पातेल्याची गोष्ट मला कळली, तेव्हा मी तेरा वर्षांची होते. मला पहिल्यांदा कावळा शिवला होता आणि आईनं गादीच्या खोळीचा तुकडा माझ्या हातात ठेवला होता. काकू परसातून आली, तो तुकडा माझ्या हातून घेऊन गालाला लावला आणि चुलीत टाकला. मग घरून गठ्ठा घेऊन आली. लुगडं फाडायची तिची रीत ठरलेली होती. काठ आणि पदर आधी बाजूला, कारण ते टोचतात. त्यांच्या ती नाड्या करी. "लुगड्याचं मिरवतात ते काठपदर," ती म्हणे, "बाईच्या कामाला येतं ते मधलं अंग." त्या मधल्या अंगाच्या नीट पाच घड्या, सहावी कमरेच्या कडोसरीला जास्तीची. धुताना आधी गार पाणी, ऊन पाण्यानं डाग बसतो, मग रिठा, मग ऊन, कडक, दोन्ही बाजूंनी. मी मान खाली घालून ऐकत होते. चौथ्या दिवशी न्हाऊन मी तिच्या घरी रिठे भिजवायला गेले. घरात भांडं सापडेना, म्हणून फळीवरच्या त्या पातेल्याला हात घातला. "लावू नकोस हात त्याला!" काकू अशी ओरडली, की मी जागच्या जागी थिजले. ती माझ्यावर ओरडल्याची तीच पहिली आणि तीच शेवटची वेळ.

मग तिनं मला जवळ बसवून सांगितलं. सांगताना हातांनी लुगडं फाडणं चालूच होतं. तिला एक मुलगी होती, वेणू. बाराव्या वर्षी लग्न होऊन मंगळवेढ्याला गेली. पुढच्याच वर्षी शहाणी झाली. एक दिवस तिकडचा गाडीवान ज्वारी घेऊन सोलापुरात आला आणि निरोप देऊन गेला, "तुमच्या लेकीनं सांगितलंय, आईचं ते जांबळं लुगडं जुनं झालं आसंल तर धाडून द्या." गाडीवान परका पुरुष, त्याला पोर आणखी काय सांगणार? काकूला वाटलं, पोरीला आईची आठवण येत असेल, पांघरायला मागत असेल. आणि ते जांभळं लुगडं तिनं दोनच दिवसांपूर्वी बोहारणीला दिलेलं होतं. त्याच्यावर हे पातेलं घेतलं होतं. तिनं त्याच गाडीवानाबरोबर शेंगांचे लाडू पाठवले आणि उलट निरोप दिला, "लुगडं गेलं बाळा, लाडू खा."

वेणूच्या सासरी तिला गोणपाट देत होते. ते काचलं, चिघळलं, आणि तिनं ते कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं कुणाला? तापानं पडली तेव्हा मग त्यांनी इकडे कळवलं. काका-काकू बैलगाडीनं जाऊन पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. काकू पोरीचे कपडे गोळा करायला म्हणून गोठ्यात गेली, तर गव्हाणीमागं, अंधारात, गोणपाटाचे तुकडे वाळत घातलेले. ओलेच होते. तेव्हा काकूला निरोपाचा अर्थ कळला.

"लाडू पाठवले गं मी," काकू मला म्हणाली. "लाडू." एवढं बोलून तिनं हातातला पट्टा टर्रकन फाडला. मला रडू आवरेना. तिच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं. ते बहुधा फार आधीच आटलं होतं.

यानंतर मला तिचं कुठलंच वेड वेड वाटलं नाही. लोकांना वाटत राहिलं, ते राहो. उन्हाचं तिचं वेड त्यांतलंच. सोलापूरच्या उन्हाला सगळं गाव शिव्या देई, आणि काकू म्हणे, "या गावात दुसरं काय फुकट मिळतं? तेवढं ऊन मिळतं, आणि तेही बायकांनी चोरून घ्यायचं होय?" ती घड्या परसातल्या दोरीवर भर उन्हात वाळत घाली. पलीकडच्या पेन्शनर मास्तरांना ते सहन होईना. एके दिवशी कुंपणापाशी येऊन, तोंड फिरवून म्हणाले, "वहिनी, ही काय तोरणं बांधलीत? निदान वरून काही झाका तरी!" काकू म्हणाली, "बरं की," आणि कुंपणावर वाळत घातलेलं त्यांचंच उपरणं उचलून वर पांघरलं. मास्तरांनी ते परत मागायचं धाडस केलं नाही. चांगलं मऊ मलमलीचं होतं; पुढच्या महिन्यात त्याच्या घड्या झालेल्या मी स्वतः पाहिल्या.

संक्रांतीला बायका वाण म्हणून फण्या आणि कुंकवाचे करंडे लुटत. काकू काठाच्या नाडीनं बांधलेली पुडी लुटायची, वर तिळगूळ, आणि बजावायची, "घरी जाऊन उघड." कुठली मुलगी कधी मोठी झाली, हे तिला आयांच्या आधी कळे. पलीकडच्या आळीत तेलुगू बोलणारे विणकर राहत. त्यांच्या बायकांची आणि हिची भाषा जुळत नव्हती, पण पदर गालाला लावला की त्यांना सगळं समजे. माझी आई मला त्या दिवसांत शाळेत पाठवायला तयार नव्हती, तेव्हाही काकूच मधे पडली. "शाळेत काय देव मांडलेत?" एवढंच म्हणाली आणि माझं दप्तर उचलून माझ्यापुढं चालायला लागली. त्या शाळेनंच मला पुढं मास्तरीण केलं. पाच घड्यांच्या जोरावर मी शिकले, असं म्हटलं तर लोक हसतील. पण खरं ते तेवढंच आहे.

मी नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी, चैत्रात, काकू तापानं पडली ती उठली नाही. शेवटी शेवटी तिला भान राहत नव्हतं. डोळे मिटून एकच विचारायची, "निरोप आला होता. लुगडं पाठवलंत?"

"पाठवलं," काका म्हणत.

"मऊ होतं?"

"मऊ होतं."

मग थोडा वेळ तिला झोप लागे. जागी झाली, की पुन्हा तेच विचारी. काका तितक्याच शांतपणे पुन्हा तेच उत्तर देत. उभ्या जन्मात त्यांनी बोललेलं मला ठाऊक असलेलं खोटं एवढं एकच.

दुपारी तिचा श्वास लागला. तोंडात पाणी घालायला हवं होतं, आणि त्या घरात पाणी घालायला भांडं नव्हतं. मडकं होतं, डबा होता, करवंटी होती. आईनं घाईघाईत फळीवरच्या पातेल्याला हात घातला आणि काका एकदम म्हणाले, "ते नको." आई आमच्या घरून भांडं आणायला वळली, तर दारात बोहारीण उभी. गल्लीत गर्दी बघून आली होती. तिनं पाटीतलं एक कोरं फुलपात्र काढून पुढं केलं आणि म्हणाली, "ह्ये घ्या. बदल्यात काय बी नगं." त्याच फुलपात्रानं काकांनी काकूच्या तोंडात पाणी घातलं. आयुष्यभर जिला गल्लीतून हाकललं, तिच्याच भांड्यातलं पाणी पिऊन काकू गेली.

सवाष्ण गेली म्हणून तिला नवंकोरं हिरवं लुगडं नेसवलं. खळीनं ते असं कडक होतं, की तिच्या अंगावर बसेचना. मला फार वाईट वाटलं, पण बोलायची सोय नव्हती. बोहारीण कोपऱ्यात बसून होती. तिची नजर फळीवर गेली. "ह्ये तर माजंच भांडं," ती हळूच म्हणाली. "लई वर्सांमागं म्याच दिलं हुतं. एकदा बी चुलीवर चढलं न्हाय व्हय?" तेव्हा काकांनी तिला सांगितलं. दोन-तीनच वाक्यांत सांगितलं. ती पाटी उचलून गेली, आणि त्या दिवशी तिची हाक पेठेत ऐकू आली नाही.

चौदाव्या दिवशी सकाळी मी काकांकडे भाकरी घेऊन गेले होते, तेव्हा ती आली. डोक्यावर पाटी नव्हती. काखेत एक घडी होती, ती तिनं काकांच्या पुढं ठेवली. जांभळं लुगडं होतं, रंग उडालेलं.

"त्ये काय आता मिळायचं न्हाय, दादा," ती म्हणाली. "त्ये कवाच कुटं गेलं. ह्ये माजं सोताचं हाय, नेसून नेसून इरलेलं. ह्ये ठिवा, आन् माजं भांडं मला माघारी द्या. सौदा मोडला म्हना."

काका मग उठले आणि फळीवरचं पातेलं काढून त्यांनी पहिल्यांदाच सुलटं केलं. आतून ते अगदी घेतलं तसं होतं. धोतराच्या सोग्यानं त्यांनी ते पुसलं आणि दोन्ही हातांनी तिला दिलं. तिनंही ते दोन्ही हातांनी घेतलं, पदराखाली धरलं आणि गेली. लुगडं माझ्या मांडीवर राहिलं.

"मऊ आहे का गं?" काकांनी विचारलं.

मी ते गालाला लावलं. हाताला भरवसा नसतो.

"मऊ आहे, काका."

त्यांनी मान हलवली आणि ते परसात उन्हाला जाऊन उभे राहिले. मी मग डोळे पुसले आणि काठ बाजूला काढायला घेतले. कोपऱ्यावरच्या घरातल्या मुलीला तेरावं लागलं होतं.